पेन्सिलीवरची शाई

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझा सगळ्या जगावर राग होता. साताऱ्यात एका घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. खोलीत दुपारनंतर उजेड नसायचा, नळाचं पाणी पहाटेच येऊन जायचं आणि खानावळीतल्या आमटीत डाळ शोधावी लागायची. घर सांगलीला. सुट्टी मिळाली की एसटीने घरी जायचं आणि आईसमोर ही गाऱ्हाणी मांडायची, हा माझा ठरलेला कार्यक्रम. धाकटा भाऊ सांगलीतच इंजिनिअरिंगला होता. तो आईच्या हातचं गरम जेवायचा, तरी त्याची गाऱ्हाणी माझ्याहून लांबलचक. सबमिशन, तोंडी परीक्षा, लाइट जाणं, मास्तरांचा खुनशीपणा. आई शेंगा फोडत ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "एवढे हाल होतायत तर सोडा की दोघंही. कोण जबरदस्ती करतंय?" मग आम्ही दोघं मुकाट शेंगांना हात घालायचो.

आमच्या कॉलेजात रविवारी मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरत. नोकरी-धंदा सांभाळून शिकणारी माणसं तिथे येत. कंडक्टर, अंगणवाडीच्या बाई, बँकेतला शिपाई, फौजेतून निवृत्त झालेले एक-दोघं. आठवडाभर घरी वाचायचं, रविवारी येऊन शंका विचारायच्या, अधूनमधून स्वाध्याय लिहून द्यायचे आणि मे महिन्यात परीक्षा. आमचे एक सर हे केंद्र चालवत. त्यांनी मला हाताशी घेतलं. हजेरी घ्यायची, पुस्तकं वाटायची, स्वाध्याय गोळा करायचे. चहा फुकट मिळायचा आणि रविवारच्या दिवशी त्या खोलीतून सुटका व्हायची, म्हणून मी हो म्हटलं.

अठ्ठ्याण्णव सालच्या सप्टेंबरातला तो पहिलाच वर्ग असावा. हजेरी घेताना मी एका पुरुषाचं नाव पुकारलं आणि मागच्या बाकावरून बाईच्या आवाजात खणखणीत "हजर" आलं. वर्ग हसला. मी मान वर करून पाहिलं. माझ्याच वयाची बाई, डोक्यावर पदर, समोर नवीन वही उघडून बसलेली.

"वहिनी, हे नाव तुमचं नाही," मी म्हटलं.

"आमच्या ह्यांचं हाय."

"मग ते कुठे आहेत?"

"त्ये वर हायती. बर्फात. मी आलीया न्हवं त्येंच्या जागी."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की हसणारे गप्प झाले. सर दारात उभे होते. मुक्त विद्यापीठात हजेरीची सक्ती नव्हतीच. ते हसून म्हणाले, "बसू दे गं. त्या निदान नोट्स तरी पाठवतील त्यांना." मीही त्या नावापुढे हजेरी लावून टाकली.

ती पाटणच्या बाजूच्या एका गावातून यायची. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. नववी झाली आणि तिचं लग्न लावून दिलं. नवरा बारावी करून भरती झालेला, आता त्याने बी.ए.ला नाव घातलं होतं. तीन वर्षांची मुलगी सासूपाशी ठेवून पहिल्या गाडीने ती निघायची, उंब्रजला गाडी बदलायची आणि साताऱ्यात पोचायची. असल्या गावांत पुरुषाच्या नावाची सगळी कामं बाईच करते. बँकेत त्याच्या खात्यावर तिची सही चालते, फौजी कॅन्टीनच्या कार्डावर सामान तीच आणते, दूध सोसायटीत त्याच्या नावावर दूध तीच घालते. लग्नात त्याच्या नावाचा आहेर तीच करते आणि भाऊबंदांची बैठक बसली तर सासऱ्याच्या मागे पदर सावरून तीच बसते. तो वर्षातून एकदा सुट्टीवर येतो तेव्हा पाहुण्यासारखा असतो, त्याला काही ठाऊक नसतं. वर्गातही ती त्याच हिशेबाने आली होती. त्याच्या नावाचं एक काम वाढलं, एवढंच.

पण हे काम तिला आवडायला लागलं. पहिल्या महिन्यात ती फक्त लिहून घ्यायची. दिवाळीनंतर प्रश्न विचारायला लागली. आधी "त्येनी इचारलंय" असं म्हणून विचारायची, पण पत्र यायला किती दिवस लागतात हे आम्हाला ठाऊक होतं. सर काही बोलायचे नाहीत. फक्त त्या प्रश्नाचं उत्तर जरा सावकाश द्यायचे.

थंडीत त्याचे स्वाध्याय यायला लागले. तो कुठे आहे ते पत्रात लिहायची मुभा नव्हती. उंचावर, बर्फात, समोरून अधूनमधून तोफा चालतात, एवढंच तिला माहीत होतं. पहारा संपला की तो बंकरमध्ये रॉकेलच्या स्टोव्हजवळ बसून उत्तरं लिहायचा आणि फौजी टपालाने घरी पाठवायचा. कागदाला रॉकेलचा वास यायचा. पहिला गठ्ठा तिने माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी कपाळाला हात लावला. सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. स्वाध्याय पेनानेच लिहायचा, असा नियम पहिल्या पानावर ठळक छापला होता.

"पेन नाही का तिथे?" मी जरा चिडूनच विचारलं.

"पेन हाय की. शाई गोठतीया," ती म्हणाली. "पेन छातीशी धरून बसलं तरी दोन ओळी लिवून थांबतंय, असं लिवलंय त्येनी पत्रात."

नियम मात्र मला मोडता येत नव्हता. ती कागद परत घेऊन गेली. पुढच्या रविवारी मधल्या सुट्टीत पाहिलं तर ती मागच्या बाकावर वाकून, त्याच्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून पेनाने गिरवत होती. एकेक काना, एकेक वेलांटी, जशीच्या तशी. घरी जागा नाही आणि मुलगी शाई सांडते, म्हणून इथे करत होती. त्या थंडीत त्याचा प्रत्येक स्वाध्याय तिने असाच गिरवला. हळूहळू तिचं स्वतःचं अक्षरही त्याच्या वळणावर गेलं. तिच्या वहीतलं कोणतं पान तिचं आणि कोणतं त्याचं, हे मला सांगता येईना.

हे मी सांगलीला घरी सांगितलं. भाऊ ड्रॉइंगच्या शीटवर रेघा मारत बसला होता. तो गंभीरपणे म्हणाला, "एचबी वापरतो का टू-बी? एवढ्या थंडीत टू-बी बरी पडेल." मी त्याच्या अंगावर उशी फेकली. पण सोमवारी निघताना त्याने चांगल्या पेन्सिलींचा एक खोका माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाला, "पाठव त्याला. माझं नाव सांगू नको, उगाच." तिने त्या पाठवल्या. बऱ्याच दिवसांनी निरोप आला की पेन्सिली झकास आहेत, टोक काढायला साहेबाच्या दाढीचं पातं मिळतं.

त्याच्या स्वाध्यायांतला एक सरांनी वर्गात वाचून दाखवला होता. सहकारी चळवळीचे ग्रामीण जीवनावर झालेले परिणाम, असा पुस्तकी प्रश्न. बाकीच्यांनी पुस्तकातले मुद्दे ओळीने उतरवले होते. याने आपल्या गावची दूध सोसायटी सांगितली होती. पावसाळ्यात ओढा भरला की दुधाची गाडी अलीकडे थांबते आणि बायका डोक्यावर किटल्या घेऊन पाण्यातून जातात; सोसायटी आली तेव्हा माझ्या आईच्या नावावर पहिल्यांदा कुठलं तरी पुस्तक झालं, दुधाच्या हिशेबाचं का होईना, असं त्याने लिहिलं होतं. सर म्हणाले, "याला म्हणतात उत्तर." ती खाली मान घालून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

मे महिना आला. आमच्या एम.ए.च्या परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि दोन पेपरांत एकाही दिवसाची सुट्टी नाही म्हणून आम्ही मोर्चा काढला. कॉलेजच्या फाटकावर बसून घोषणा दिल्या. माझा आवाज मोठा, म्हणून मला पुढे बसवलं होतं. परीक्षा आठवडाभर पुढे गेली. आम्ही भेळ खाऊन आनंद साजरा केला आणि वाढीव आठवडा झोपून काढला. विद्यार्थीदशेतला तो आमचा मोठा विजय होता.

मुक्त विद्यापीठाची परीक्षा महिनाअखेरीला होती. त्यासाठी तो सुट्टीवर येणार होता. पण तोवर वर्तमानपत्रांत कारगिलच्या बातम्या यायला लागल्या, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या आणि त्याची पत्रं थांबली. ती आता परीक्षेच्या दिवशी येणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

पेपरच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. ठेवणीतलं लुगडं, हातात लिहायचा पुठ्ठा, दोन पेनं आणि नवऱ्याचं हॉल तिकीट. त्यावर लष्करी टोपीतला त्याचा फोटो. ती आपल्या नंबरचा बाक शोधून तिथे जाऊन बसली. मी जवळ गेले आणि माझ्या लक्षात आलं, ही त्याचा पेपर लिहायला आलीय. मी सरांना बोलावलं.

"वहिनी," सर तिच्या बाकाशी उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते."

"त्ये कसं येणार, सर? तितं लढाई चाललीया."

"हो ना. म्हणून आता राहू दे. राहिलेल्यांची परीक्षा डिसेंबरात असते, ते तेव्हा देतील."

"पर मी आलीया न्हवं. मी सगळं वाचलंय. कुटलंबी इचारा."

"तुम्हाला येतं, मला माहीत आहे. पण चालत नाही."

ती उठली नाही. तिने हॉल तिकीट बाकावर सरळ करून ठेवलं. "बँकेत माझी सही चालती. कॅन्टीनला चालती. गावात त्येंच्या नावाचं समदं मीच करती. वर्सभर हितं त्येंच्या नावाला मीच हजर म्हणली, तवा कोन काय म्हणलं न्हाई. मंग आजच का?"

सर चष्मा काढून पुसत उभे राहिले. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं की हे तिला सांगायला हवं. शेवटी घंटा झाली, तेव्हा तीच उठली. "त्येंचं वर्स फुकट गेलं म्हणायचं," एवढं बोलून बाहेर गेली. तेव्हाही ती स्वतःच्या वर्षाबद्दल बोलत नव्हती.

पेपर संपेपर्यंत ती कट्ट्यावर बसून होती. मी बाहेर आले तेव्हा तिने प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि स्टँडपर्यंत चालता चालता एकेका प्रश्नाचं उत्तर मला सांगत गेली. बरोबर सांगत होती. मीच अडवून मधे काही विचारलं तर थांबून विचार करायची आणि मग पुढे जायची. मला रडू फुटेल असं वाटत होतं. त्याच महिन्यात आम्ही परीक्षा लांबवा म्हणून घसा फोडला होता आणि ही बाई बाकावरून उठवलं म्हणून हिरमुसली होती. आपण शिकतो म्हणजे कुणावर तरी उपकार करतो, अशा तोऱ्यात मी जन्मभर वावरत होते. त्या दिवशी तो तोरा माझा मलाच नकोसा झाला.

माझं एम.ए. संपलं, तरी केंद्राच्या कामासाठी मी साताऱ्यातच राहिले. जूनमध्ये सरांनी तिला बोलावून घेतलं. दहावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यास असतो, तो केला की बी.ए.ला थेट बसता येतं. "आता तुमच्या स्वतःच्या नावाने घ्या," सर म्हणाले. तिला आधी ते खरंच वाटेना. "माझं नाव हितं?" असं तिने दोनदा विचारलं. पुस्तकं मिळाली तेव्हा तिने ती पदरात धरून नेली. मी स्टँडवर सोडायला गेले होते. ती म्हणाली, "ह्यास्नी पत्रात सांगते. हसत्याल." गाडीत बसल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. त्याचं शेवटचं पत्र येऊन महिना होऊन गेला होता.

त्या जुलैत तिच्या गावात एका घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली. तिच्या घरापासून चौथं घर. तिच्या घरी तार आली ती पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून. तो जिवंत होता. तोफेचा गोळा जवळ फुटून उजवा हात मनगटापासून गेला होता आणि डोक्याला मार लागला होता. रविवारी ती वर्गात आली आणि कोरड्या डोळ्यांनी हे सांगितलं. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "आमचा परत आला, मॅडम. त्या घरातली माउली माझ्याकडं बगती, तवा मला रडाय बी येत न्हाई." तिच्यापेक्षा मीच जास्त रडले.

तो घरी आल्यावर ऑक्टोबरात सर आणि मी त्यांच्या गावी गेलो. तो ओसरीवर बसला होता. उंच, वाळलेला, मनगटावर सदऱ्याची बाही पिनेने बंद केलेली. आम्हाला पाहून ताडकन उभा राहिला आणि सवयीने उजवा हात कपाळाकडे नेला, मग खाली घेतला. मुलगी खांबाआडून त्याच्याकडे पाहत होती. एका कानाने त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो मान वळवून आमचं बोलणं ऐकायचा आणि पुष्कळ वेळाने उत्तर द्यायचा.

फौजेतून त्याला आता घरी पाठवणार होते. पेन्शन मिळणार होती, पण वय तिशीच्या आतलं. बाकीचे जवान निवृत्त झाले की कारखान्याच्या फाटकावर वॉचमन लागतात. याला एका हाताने तिथेही कुणी घेतलं नसतं. पदवी झाली तर मात्र माजी सैनिक म्हणून कुठेतरी टेबलाशी बसायची नोकरी मिळण्यासारखी होती. म्हणून सर त्याला डिसेंबरच्या परीक्षेचं सांगायला आले होते.

"वाचतो मी, सर," तो म्हणाला. "पर पान उलटलं की मागचं जातंय. आन लिवायचं कसं?"

सरांनी सांगितलं की ज्याला हाताने लिहिता येत नाही त्याला लेखनिक मिळतो. आपण तोंडाने सांगायचं, लेखनिकाने लिहायचं. गावातला दहावीतला एखादा मुलगा चालेल. तो मान हलवायला लागला. "परक्या मानसापुढं मला सुचत न्हाई, सर. शब्द थांबतोय. मंग डोस्क्यात नुसतं वाजाय लागतंय."

स्वयंपाकघराच्या दारातून ती म्हणाली, "मी लिवीन की."

सर माझ्याकडे पाहायला लागले. नियमाचा कागद त्यांनी सोबत आणला होता, मीही तो वाचला होता. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे आणि तो याच विद्यापीठात शिकत असता कामा नये. नाहीतर त्याने स्वतःच्या मनाने उत्तर लिहिलं तर? नियम म्हणून तो चुकीचा नव्हता. सरांनी तो तिला समजावून सांगितला. नववी झालेली बाई लेखनिक म्हणून चालत होती. पूर्वतयारीला नाव घातलेली चालत नव्हती.

ती आत गेली आणि पुस्तकं घेऊन आली. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, प्रत्येकावर तिचं स्वतःचं नाव. तिने ती सरांपुढे ठेवली. "मंग माझं नाव काडा, सर."

गाडी येईपर्यंत मी फाट्यावर तिच्याशी भांडले. म्हटलं, तुम्हाला काही कळतं का? बी.ए. म्हणजे अजून तीन वर्षं. तीन वर्षं तुम्ही नववीतच राहायचं, कारण त्यांचा पेपर लिहायला अडाणी बायको हवी? ते दुसऱ्या कुणाची सवय करून घेतील. त्यांनाही थोडा त्रास होऊ दे की. मी जरा जास्तच बोलले. ती शांतपणे ऐकत होती.

"तुमाला राग येतोय, त्ये बरं वाटतंय मॅडम," ती म्हणाली. "पर त्येंचा एक हात ऱ्हायलाय आन माजं दोन हायती. पयला पेपर कुनाचा व्हायला पायजे, तुमीच सांगा."

गाडी आली तशी मी चढले आणि सरांपासून लांबच्या सीटवर जाऊन बसले.

सांगलीला गेले तेव्हा भाऊ मोर्चाचे फलक पेन्सिलीने आखत बसला होता. अभ्यासाची सुट्टी वाढवून पाहिजे होती. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो रेघा मारायचा थांबला आणि बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवत बसला. दुसऱ्या दिवशी तो मोर्चाला गेलाच. तेवढ्याने मोर्चे थांबत नसतात. पण सुट्टी वाढवून मिळाली तेव्हा त्याने घरी येऊन फुशारकी मारली नाही.

डिसेंबरात परीक्षा झाली. त्या दोघांना ग्रंथालयाच्या शेजारची छोटी खोली दिली आणि पर्यवेक्षक म्हणून मला बसवलं. लेखनिक स्वतःचं काही लिहीत नाही ना, एवढंच मी पाहायचं. तो भिंतीशी बसला, ती त्याच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला. ती प्रश्न वाचायची, तो डोळे मिटून थांबायचा, मग तुटक तुटक सांगायचा. तो चुकीचं सांगायचा तेव्हा तिचं पेन क्षणभर अडायचं आणि मग तेच चुकीचं ती नीट लिहायची. पानावर उमटणारं अक्षर त्याचंच होतं. दोन प्रश्न असे कसेबसे झाले.

तिसरा प्रश्न तिने वाचला आणि मी खुर्चीत सावरून बसले. सहकारी चळवळीचे ग्रामीण जीवनावर झालेले परिणाम सांगा. मला हायसं वाटलं. हा तर त्याचाच प्रश्न.

त्याने डोळे मिटले. ती पेन टेकवून थांबली. खूप वेळ गेला. मग तो डोळे उघडून म्हणाला, "ह्ये मी लिवलं हुतं का कवा?"

"व्हय," ती म्हणाली.

"काय लिवलं हुतं?"

तिने नुसतं पेनाकडे पाहिलं. तिला ते शब्द न् शब्द पाठ असणार. प्रत्येक अक्षरावरून तिचं पेन फिरलेलं होतं. ओढा, किटल्या, सासूच्या नावाचं दुधाचं पुस्तक. त्या उत्तराला वर्गात शाबासकी मिळाली तेव्हा तीच तिथे होती, तो नव्हता.

"तुला येतंय," तो म्हणाला.

"व्हय."

"मंग लिव की."

मी उठले. खिडकीशी गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. नियम गेला खड्ड्यात, असं मी ठरवून टाकलं होतं. मैदानात कुणीतरी सायकल शिकत होतं, ते मी बघत राहिले. मी मुद्दाम खोकले, म्हणजे माझी पाठ आहे हे तिला कळावं. पण मागून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला नाही. शेवटी मी वळले. पान कोरं होतं. तिने पेनाला टोपण लावलं होतं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं. ते पुठ्ठ्यावर पडू नये म्हणून तिने मान बाजूला धरली होती.

"तुमी सांगा," ती त्याला म्हणत होती. "एक ओळ सांगा. मंग लिवते."

त्याला ती एक ओळ आठवली नाही. ते पान तसंच गेलं.

पेपर संपल्यावर तो व्हरांड्यात माझ्यापाशी आला. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्याशी आपणहून बोलला. "मॅडम, हिचं नाव परत घालता येतंय का बगा. माझ्याच्यानं आता हुईल असं वाटत न्हाई. हिला येतंय समदं. हिनं तरी शिकावं."

मी तोंड उघडणार तोच ती मागून आली. तिने त्याच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली. "गप बसा," ती म्हणाली. "उद्या पेपर हाय. गाडी चुकंल आता." आणि त्याला घेऊन स्टँडच्या दिशेने निघाली.

दुसऱ्या दिवशी ती दोघं वेळेआधीच आली. तिने त्याला बाकावर बसवलं, स्वतः त्याच्या चांगल्या कानाशी बसली, पेनाचं टोपण काढलं, पहिला प्रश्न वाचला आणि तो काय सांगतो याची वाट पाहत राहिली.